आलाची मांडी

याम नावाच्या कंदाच्या सुगीआधी गावातल्या बायका भूमातेच्या, आलाच्या, देवळाची भिंत नव्याने रंगवत. यंदा देवी काढायचा मान म्बाफोरचा होता. तिने देवी काढली, पण मांडी रिकामी ठेवली.

"साऱ्या गावाची आई, आणि मांडीवर पोर नाही?" नणंद उगोये म्हणाली. "रंग वाचवतेस होय गं?"

"उद्या काढते, वन्सं."

मागच्याच महिन्यात म्बाफोरने आपली चार वर्षांची ओलान्मा याच देवीच्या पोटात, मातीत, ठेवली होती. त्यानंतर पोर काढायला हात धजत नव्हता.

सकाळी उगोये भिंतीपाशीच भेटली. "आम्हाला उद्या सांगून कालच उरकलंस की. झकास जमलंय हो."

ती पाणी आणायला गेली, तेव्हा म्बाफोरने वर पाहिलं. मांडीवर पाठमोरी मुलगी बसली होती. रंग ओला होता. मानेवर, केसांखाली, तीन बारीक रेघा होत्या. पुरण्याआधी म्बाफोरनेच लेकीच्या मानेवर त्या खूण म्हणून काढल्या होत्या, कुणाला न दाखवता.

"ओलान्मा," तिने हळूच हाक मारली. "इकडे बघ गं, बाळा."

मुलीची मान किंचित वळली.

तेवढ्यात देवीने गुडघ्यांवरचे दोन्ही हात उचलले आणि पोरीच्या कानांवर घट्ट ठेवले.