पाठमोरा

“मी त्या गाडीचा ड्रायव्हर,” अश्वजित दाराबाहेरच उभा राहून म्हणाला.

लालीबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिचा मुलगा ओम मालगाडीखाली गेला त्याला आता बरेच दिवस झाले होते. तिनं अश्वजितला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दीर रूपसिंगला खाट टाकायला सांगितली.

अश्वजित बसला. पाण्याचा पेला नुसताच हातात धरून राहिला.

त्या दिवशी वणीहून कोळसा घेऊन निघालेली गाडी होती. वळण संपलं, तर समोर रुळांमधून एक माणूस चाललेला. पाठमोरा, अगदी निवांत. अश्वजितनं भोंग्यावरचा हात काढला नाही. ब्रेक ओढले. पण भरलेली मालगाडी अशी थांबते थोडीच! त्या माणसानं एकदाही वळून पाहिलं नाही.

कापसाच्या कर्जानं माणसं खचवलेली ती वर्षं. रुळावर कुणी सापडलं की लोक कारण विचारत नसत. “आणखी एक,” म्हणत पोलिसांनीही पंचनामा उरकला होता.

अश्वजितचं मात्र काही उरकलं नाही. जेवताना घास हातातच राही. बाजारात कुणी पुढं चालत असलं तरी त्याचा हात ब्रेक शोधू लागे.

“ज्याले मराचंच होतं, त्याचा भार तुमी काहून वाहता?” त्याची बायको वैष्णवी म्हणायची.

तेच तर त्याला टोचत होतं. त्या माणसाचा त्याला राग येई. दिवसभरात इतक्या गाड्या जातात, मग माहीच काहून धरली यानं? मेलेल्या माणसावरच्या या रागाची त्याला लाज वाटू लागली, म्हणून तो ओमच्या तांड्यावर आला होता. माफी मागायची आणि निघायचं, एवढंच ठरवलं होतं.

“शेवटी कसा होता जी तो?” लालीबाईनं विचारलं. “घाबरला होता का?”

अश्वजितनं तिच्याकडं पाहिलं. पोटच्या पोरानं जीव दिला, ही गोष्ट उराशी धरून ही बाई कशी जगत असेल? माफीचं त्यानं तसंच राहू दिलं.

“नाही, माय. त्याले समजलंच नाही.” मग तो एका दमात म्हणाला, “चूक माही होती. मी भोंगाच वाजवला नाही. तुमचा पोरगा मराले आला नव्हता. साऱ्याइले तसंच सांगा.”

रूपसिंग त्याच्याकडं बघतच राहिला. “हे तुह्या साहेबापुढं सांगशीन? नोकरी जाईन तुही.”

“सांगीन.”

त्यानं ते मनापासून म्हटलं होतं.

लालीबाई उठली. जवळ येऊन तिनं पेला त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“खोटं काहून बोलतं, बेटा? भोंगा त साऱ्या तांड्यानं ऐकला. वावरातल्या बायाइनं ऐकला, मी चुलीपाशी ऐकला. माह्या ओमलेच नाही आला ऐकू. जन्माचा बहिरा होता तो.”