एकच केसरी

न्हावऱ्याच्या तालमीत इनुस आणि म्हाळू एका ताटात जेवून वाढलेले. यात्रेच्या शेवटच्या कुस्तीला नेमके दोघेच समोरासमोर आले, तेव्हा वस्तादांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन बजावलं, "तालुका केसरी एकच हाय. आज दोस्ती बघू नगंस." इनुसनं बघितली नाही. त्यानं ढाक डाव मारला आणि म्हाळूचा गुडघा कायमचा गेला.

सहा वर्षं ती बक्षिसाची चांदीच्या मुलाम्याची गदा इनुसला घरात टोचत राहिली. शेवटी ती पोत्यात गुंडाळून तो एसटीनं यवतला, म्हाळूच्या घरी गेला.

"ही तुझी हाय, ठेव," म्हणत त्यानं पोतं सोडलं.

म्हाळूनं नुसतं फळीकडं बोट केलं. तिथं तशीच गदा होती. तिच्यावरही 'तालुका केसरी' कोरलेलं, तेच साल, १९९८.

"बक्षीस द्यायला पुढारी दोन येनार व्हतं, म्हनून गदा बी दोन करून ठेवल्या व्हत्या. ही वस्तादांनी दवाखान्यात माझ्या उशाला आणून ठेवली."

"आन् म्हनलं काय?" इनुसनं विचारलं.



"म्हनलं, आदुगर सांगितलं असतं, तर तुमी दोगं जीव तोडून लढला नसता."