दुसरी वेणी

गाडी सुटते न सुटते तोच नवरा म्हणाला, "मी जरा पडतो गं," आणि तोंडावर टॉवेल टाकून घोरायला लागला. मुलांचं सगळं माझ्यावरच. घरी तरी काय वेगळं होतं म्हणा! धाकट्याला मांडीवर सांभाळत मी मोठीची एक वेणी घातली. दुसरी घालणार, तेवढ्यात बोगदा आला.

खिडकीची काच काळी झाली आणि तिच्यात आमचा डबा दिसायला लागला. काचेत नवरा जागा होता. धाकटा त्याच्या मांडीवर होता आणि तो हसत हसत मोठीची दुसरी वेणी घालत होता. सात वर्षांत ज्याने साधा कंगवा शोधून दिला नाही, तो! माझी जागा मात्र रिकामी होती.

बोगदा संपला. नवरा घोरतच होता. मला मांडी हलकी लागली. धाकटा त्याच्या कुशीत झोपला होता.

मोठीच्या दोन्ही वेण्या घातलेल्या होत्या.

मी ताडकन उठले. "अगं, ही वेणी कुणी घातली?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग बाबाला हलवलं.

"बाबा, ऊठ ना. या काकूंना बसायला जागा हवी आहे वाटतं."