सहा कॅमेरे

कुस्ती सुरू व्हायला दोन मिनिटं उरली होती. आखाडा सांगलीत होता आणि प्रक्षेपण सांभाळणारी मृणाल खाडिलकर पुण्याच्या स्टुडिओत. आखाड्याभोवतीचे मुठीएवढे सहा कॅमेरे आपले आपणच फिरत. पुढची महत्त्वाची घटना कुठे घडणार, हे त्यांना आधीच कळे.

आज सहाही कॅमेरे पैलवान दिग्विजय चौगुलेवर खिळले होते. प्रतिस्पर्ध्याकडे एकही वळेना.

"कुस्तीचा निकाल आधीच ठरलाय की काय?" शेजारी बसलेल्या इरफानने विचारलं.

मृणाललाही तोच संशय आला. तिने चित्र मोठं केलं. दिग्विजयच्या गळ्याची शीर मधेच थांबत होती, मग घाईने उडत होती. तिने तडक पंचांना फोन लावला.

"कुस्ती थांबवा. आधी दिग्विजयला डॉक्टरांना दाखवा."

"मला काय धाड भरलीय?" दिग्विजय पंचांवर खेकसला. पण डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्याला थेट रुग्णवाहिकेत घातलं.

"कॅमेऱ्यांनी वाचवलं बघा त्याला," इरफान म्हणाला.

"त्यांनी कुणाला सांगितलं का?" मृणाल म्हणाली. "तो कोसळायची वाट बघत जागा धरून बसले होते."