साठ ओळींची फेरी

पंचविसाव्या मिनिटाला शेवटची हाक यायला हवी होती. आली नाही.

जिलियनने दोर खाली ओढला, सोडला आणि समोर वडिलांकडे पाहिलं. डेस्मंड लार्टर सर्वांत जड घंटेच्या दोराशी उभे होते. वय एकोणऐंशी. नजर भिंतीवरच्या ओलीच्या डागावर, ओठ मिटलेले.

चर्चच्या मनोऱ्यातल्या खोलीत सहा जण गोलात उभे होते. घंटा वर, नजरेआड. सहा घंटांचे सातशे वीस वेगवेगळे क्रम होतात. ते सगळे वाजवायचे, एकही दुसऱ्यांदा नाही, आणि हातात कागद नाही. क्रम कुठे मोडायचा हे फक्त डेस्मंड लक्षात ठेवत. त्या जागी ते हाक देत आणि बाकीचे त्यानुसार आपला क्रम बदलत. शेवटच्या हाकेबरोबर घंटा पुन्हा लहानीपासून मोठीपर्यंत सरळ ओळीत येत आणि ते म्हणत, ‘दॅट्स ऑल.’ संपलं. हे शब्द दुसऱ्या कुणी उच्चारायचे नाहीत. चूक कळली तरी बाकीचे वाजवत राहतात.

आजचं वाजवणं बेरिलसाठी होतं, जिलियनच्या आईसाठी. ती मार्चमध्ये गेली. दोन नंबरची घंटा चाळीस वर्षं तिची होती. आज तो दोर जिलियनच्या हातात होता. शोकाच्या प्रथेप्रमाणे लोलकांना एका बाजूने चामडं बांधलं होतं. एक ठोका स्वच्छ येई, पुढचा शेतापलीकडून आल्यासारखा.

पण आज आणखी एक गोष्ट ठरायची होती. वडील गॅस चालू ठेवून बाहेर गेले होते. रोज दोन कप चहा ओतत होते. जिलियनच्या भावाने, कीथने, या गोष्टी तारखांसह लिहून ठेवल्या होत्या आणि वृद्धाश्रमाचा अर्जही आणला होता. त्यावर डेस्मंडनीच तोड काढली. रविवारी जेवताना ते म्हणाले होते की घंटा चुकलो तर सही करतो; नाही चुकलो, तर पुन्हा माझ्या गॅसचं नाव काढायचं नाही. कीथ हसून कबूल झाला. जिलियनला हायसं वाटलं होतं. बाबा घंटा चुकतील हे तिला शक्यच वाटत नव्हतं.

आता तिच्या घंटेच्या मागून पाचवी आली, मग तिसरी. हा क्रम दोन मिनिटांपूर्वी येऊन गेला होता. हाक नसली की घंटा साठ ओळींची एकच फेरी घेत राहतात आणि सरळ ओळ त्या फेरीत नसते. म्हणजे हे आपोआप कधीच संपणार नव्हतं.

सगळ्यांना कळलं. कुणी कुणाकडे बघेना. पाचव्या दोराशी ट्रेव्हर होता, गावातला सुतार. वर चढताना तो म्हणाला होता, “डेस, लवकर आटप रे, पबमध्ये माझी बिअर वाट बघतेय.” आता त्याची मान खाली होती. त्याचा ठोका एकदा चुकला.

“ट्रेव्हर, चौथीच्या मागे,” डेस्मंड म्हणाले. मान न वळवता.

पुन्हा तीच फेरी. पुन्हा तीच. जिलियनचे खांदे भरून आले. बाबा, काहीही म्हणा, असं ती मनात म्हणत होती. चुकीच्या जागी म्हणा, पण म्हणा. त्या बंद ओठांमागे आता काय उरलं असेल, याचा विचार तिला करवेना. फेरीगणिक तिच्या डोळ्यांसमोर घर रिकामं होत होतं. आधी बागेतली अवजारं, मग आईची खुर्ची, मग बाबांचा पलंग.

चव्वेचाळीस मिनिटं झाल्यावर डेस्मंड म्हणाले, “थांबा.”

घंटा थांबल्या. चुकलेलं वाजवणं मनोऱ्यातल्या नोंदवहीत लिहीत नाहीत. बेरिलच्या नावापुढची ओळ कोरीच राहणार होती. ट्रेव्हर म्हणाला, “मला वाटलं, कापणीपर्यंत वाजवायचा बेत आहे.” कुणी हसलं नाही. त्याने डेस्मंडच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा जास्तच वेळ, आणि बाकीच्यांना घेऊन तो गोल जिन्याने खाली गेला.

डेस्मंड दोर गुंडाळू लागले. बेरिलचा दोर त्यांनी शेवटी घेतला.

“होतं असं, बाबा,” जिलियन म्हणाली. “मी कीथला सांगणार नाही. सगळं नीट झालं म्हणून सांगते.”

“खोटं कशाला? सांग त्याला. नऊ झाल्या.”

“काय नऊ?”

“फेऱ्या. दुसऱ्याच फेरीला तुझ्या आईने ओळखलं असतं. दोर न सोडता शिव्या घातल्या असत्या मला.” त्यांनी दोराची गाठ घट्ट केली. “हाकेची जागा दर फेरीत येत होती. नऊही वेळा दिसली.”

जिलियनला आधी समजलंच नाही. मग तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. गाठ नेहमीसारखीच नीट बसली होती.

“मग दिली का नाही?”

डेस्मंडनी दोर खुंटीवर अडकवला आणि तो हलायचा थांबेपर्यंत धरून ठेवला.

“दिली असती, तर घरी जावं लागलं असतं. दोन कप चहा ओतायला.”