वळ

शिल्पाला इजा झाली आहे, लगेच या, एवढंच संग्रहालयातून फोनवर सांगितलं होतं. यमुना शेलार दुपारच्या एसटीने आली.

छत्तीस वर्षांपूर्वी ती कलामहाविद्यालयात मॉडेल म्हणून बसायची. तेव्हा एका शिल्पकाराने तिच्या पेशींपासून जिवंत कातडीचा पुतळा वाढवला होता. तो अजून तसाच उभा होता, तरुण, उघडा, हाताला ऊब लागेल असा. त्याच्या छातीवर बोटांचे वळ उठले होते आणि दंडाची कातडी नखांनी सोलली होती.

"ठिगळ लावायला तुमचीच थोडी कातडी लागेल, यमुनाबाई," क्युरेटर सामंत मॅडम ओशाळून म्हणाल्या.

"आणि ज्यानं हे केलं, त्याचं काय?"

"शिल्प खराब केलं म्हणून ताकीद दिली. दुसरा कायदाच लागू होत नाही."

"वर्गात तीस पोरं माझ्याकडे बघत बसायची. कधी लाज नाही वाटली मला," यमुना पुटपुटली. आज मात्र तिचा हात आपसूक पदराकडे गेला. तिला कुठे दुखत नव्हतं. मग हा संताप कोणासाठी येतोय, तेच तिला उमगेना.

कातडी द्यायचं बाजूला ठेवून ती तडक पोलीस चौकीत गेली.

"कोणाच्या अंगाला हात लावला?" हवालदाराने विचारलं.

"माझ्या."

त्याने नाव लिहून घेतलं. "वय?"



"साहेब, माझं सांगू की तिचं?"

हवालदाराने पेन खाली ठेवलं.