दोघींचा डोस

“तापाचं औषध दिवसातून किती वेळा दिलंत?”

“चार वेळा,” आई आणि आजी एकदमच म्हणाल्या.

डॉक्टरांचं पेन थांबलं. “दोघींनी मिळून चार, की प्रत्येकीने चार?”

खाटेवर पाच वर्षांची चिमी डोळे मिटून पडली होती. सकाळपासून तिला उलट्यांवर उलट्या होत होत्या. आजीने पिशवीतून बाटली काढली. आईने पर्समधून आपली काढली. औषध एकच, नावं दोन, आणि आजीची बाटली दुप्पट ताकदीची.

या सासूसुना फ्रिज कुठल्या भिंतीला लावायचा यावरून भांडल्या होत्या आणि तेव्हापासून अबोला. चिमीचा बाप बोटीवर नोकरीला, मध्ये पडणार कोण? मग चिमीच घरातलं टपालखातं झाली. “आजीला सांग, भात झालाय.” “तुझ्या आईला म्हणावं, चावी मी नेतेय.” पोरगी मोठी इमानी, पदरचं एक अक्षर घालायची नाही. पण ती तापाने फणफणली आणि टपाल बंद पडलं.

डॉक्टर यकृताबद्दल समजावायला लागले. आईने मान हलवली. “मला माहीत आहे हो.” ती कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायची. या औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी होतो. तिथे ग्लुटाथायोन नावाचं गंधकयुक्त संयुग असतं, ते एका एन्झाइमच्या मदतीने त्या विषाला चिकटतं आणि त्याला निकामी करतं. साठा संपला, की विष यकृतालाच धरतं. “ग्लुटाथायोन म्हणजे घरातली सून,” ती दर वर्षी वर्गात म्हणायची, “सगळं निस्तरते आणि कुणी नाव काढत नाही.” पोरं खो खो हसायची. आज ती दोन्ही बाटल्यांवरचे आकडे जोडून बघत होती. सगळं पाठ होतं, म्हणून भीती जास्तच होती.

नर्सने उताऱ्याची कुपी फोडली. खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला.

“अगं बाई! खराब तर नाही ना झालंय?” आजी घाबरून म्हणाली.

“गंधक असतं त्यात, आजी. वास यायलाच हवा,” नर्स म्हणाली.

सलाइनमधून थेंब पडायला लागले. यातूनच यकृत पुन्हा ग्लुटाथायोन बनवणार होतं. वेळेत पोचलं तर.

“सिस्टर, त्यांना विचारा,” आईचा आवाज चिरकला, “एका शब्दाने सांगता येत नव्हतं?”

“त्या तुमच्या शेजारीच बसल्यात की!”

आई गर्रकन वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती सासूशी थेट बोलली. “माझी पोर मारली असतीत तुम्ही!”

आजीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग तिची नजर चिमीकडे गेली. चिमी अर्धवट जागी होती.

“चुकलं माझं,” आजी म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

एवढ्याने आईचा राग काय शमतोय! रात्र दोघींनी खाटेच्या दोन बाजूंना बसून काढली. आईने मनाशी पक्कं केलं, घरी गेल्याबरोबर यांना नणंदेकडे पाठवायचं. पुन्हा पोरीला हात लावू द्यायचा नाही. नवरा काय म्हणेल ते म्हणो.

सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि चक्क हसले. “आकडे उतरायला लागलेत. यकृत सावरतंय. धोका टळला.”

आई ढसाढसा रडली. आजी उठली आणि तिच्यासाठी चहा आणायला गेली. जाऊ दे, आईला वाटलं, आता गोड बोलून काही उपयोग नाही. नणंदेला फोन लावायला तिने मोबाइल काढला.

तेवढ्यात चिमीने तिची बाही ओढली. चेहरा रडवेला झाला होता.

“आई, मी झोपले आणि तुला सांगायचं राहूनच गेलं,” ती पुटपुटली. “आजीने निरोप दिला होता, औषध मी देतेय, तू देऊ नकोस म्हणून.”